पाचव्या दिवसाचं पाणी

आमच्या वाडीत वार नव्हते. सोमवार-मंगळवार शाळेत असायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात असायचे. पण वाडीच्या झावळ्यांच्या दारातून, झापातून, आत पाऊल टाकलं की दिवस मोजायचे ते पाण्याच्या पाळीने. अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून डावीकडे वळलं की आमची वाडी. मधोमध बावखल, म्हणजे आमच्याकडे पूर्वी जवळजवळ प्रत्येक वाडीत असायचं तसं गोड्या पाण्याचं तळं. कडेला पंपाची खोली आणि तिथून झाडाझाडाकडे निघालेले पाट. आजोबांनी चार मुलगे आणि एक मुलगी अशा पाच जणांत झाडं तोंडी वाटून दिली होती. कागदावर वाटणी कधीच झाली नाही. सातबाऱ्यावर पाच नावं एकाखाली एक, आणि जमीन सगळी मिळून एकच. पाणी तेवढं चोख वाटलेलं होतं. पहिला दिवस थोरल्या काकांचा, दुसरा मधल्या काकांचा, तिसरा माझ्या वडिलांचा, चौथा धाकट्या काकांचा आणि पाचवा आत्याचा. मग पुन्हा थोरले काका.

आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या घरात तीन-चार गोष्टी आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. आजोबांनी मात्र तिला नुसतं "राहा घरात" म्हटलं नाही, पाण्याचा दिवस दिला. त्या काळी मुलीला साडीचोळी मिळायची, पाणी कोण देतो? गावाने नाकं मुरडली. आत्याला त्या दिवसाचा केवढा ताठा! पाचव्या दिवशी ती धुतलेली साडी नेसायची, पदर खोचायची आणि स्वतः पंप सुरू करायची. पाणी पाटातून हळूहळू सरकत तिच्या सोनचाफ्यांच्या आळ्यांत पोचलं की ती अनवाणी त्यात उभी राहायची, काहीच न करता. मी तिच्या शेजारी उभी राहायचे. पाणी घोट्यांना लागायचं, वरून चाफ्याचा वास उतरायचा, पंपाचा आवाज लांब कुठेतरी झोपेत ऐकल्यासारखा यायचा. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मी त्याच आळ्यात उभी असते आणि जागं व्हावंसं वाटत नाही.

नियम एकच होता. दुसऱ्याच्या पाळीत पाण्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या झाडाचं फूल तोडायचं नाही. आमच्या घरात बाकी सगळ्यावरून भांडणं झाली. कुंपणावरून झाली, पत्र्याच्या शेडवरून झाली, एकदा तर एका फणसावरून दोन काकू सहा महिने बोलत नव्हत्या. पाण्यावरून भांडण कधीही झालं नाही. आम्ही त्याचा अभिमान बाळगला. तो अभिमान आम्हाला कुठे घेऊन जाणार आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

एव्हाना काका सगळे गेले, वडीलही गेले. आत्या तेवढी उरली, वाडीतल्या तिच्या दोन खोल्यांत. दोन वर्षांपूर्वी ती पंपाच्या खोलीच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण भूल उतरली तेव्हा आत्या सगळीच्या सगळी परत आली नाही. काही भाग तिकडेच राहिला, जिथे आजोबा जिवंत होते आणि बावखलाच्या कडेने बैल चालत होते. ती बोलायची छान, हसायची छान, फक्त कोणत्या सालात आहे ते तिलाही नक्की माहीत नसायचं. आधी मला भीती वाटली. मग कधी कधी तिच्याबरोबर तिथे थोडा वेळ जाऊन बसावंसं वाटू लागलं. पण तिला उठवायला, बसवायला, भरवायला, कपडे बदलायला कायम माणूस हवं होतं, आणि त्या माणसाला पगार हवा होता.

तिच्या पडवीत बैठक बसली. थोरल्या काकांचा मोठा मुलगा, ज्याला आम्ही सगळे अप्पा म्हणतो, तो मध्ये बसला. सत्तरी ओलांडलेला, शब्दाला पक्का, आणि आपण चुकू शकतो हे ज्याला कोणी कधी सांगितलंच नाही असा माणूस. त्याचं घर आत्याच्या दारापासून शंभर पावलांवर. आमच्या हिश्शाकडून माझा भाऊ आला होता, मधल्या काकांची मुलं होती. मीही होते, चहा करायला. माझं नाव कुठेच नव्हतं. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. भावाने पैठणी घेतली, वहिनीने जेवायला घातलं, आणि मी शहाण्या मुलीसारखी नोंदणी कार्यालयात अंगठा टेकवून, फोटो काढून घेऊन घरी आले. आमच्याकडे शहाण्या मुली हेच करतात.

खरं तर पैशाचा प्रश्न सुटण्यासारखा होता. रस्त्याकडची जमिनीची पट्टी एका बिल्डरला हवी होती. तेवढी विकली असती तर आत्याला दिवसाची एक आणि रात्रीची एक बाई जन्मभर ठेवता आली असती. पण वाटणी न झालेल्या जमिनीला पाचही हिश्शांच्या सह्या लागतात. मधल्या काकांच्या मुलांची वारसनोंद अजून अडकलेली. धाकट्या काकांचा मुलगा परदेशात, फोनवर "बघू, बघू" याच्यापुढे जात नव्हता. आणि पाचवी सही खुद्द आत्याची. अप्पाने वकील आणला. वकिलाने तिला हळू आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही काय विकताय, समजतंय ना?"

आत्याने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तू जेवलास का?" तिने विचारलं.

वकील हसला, पण कागद त्याने पिशवीत परत ठेवले. अशा सहीला अर्थ नाही, म्हणाला. म्हणजे आत्यासाठी जमीन विकायची तर आत्याची सही हवी, आणि आत्या सही करण्यापलीकडे गेलेली. बाजारभावाने कोट्यधीश बाई, आणि उशाशी बसायला माणूस मिळेना. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, अशी सगळी गत.

तेव्हा अप्पा म्हणाला, "एवढा विचार कशाला? पाण्याची पाळी आहे ना? तीच लावू."

सगळ्यांना केवढं हायसं वाटलं ते मला आठवतं. वाद नको, हिशेब नको. ज्याचा पाण्याचा दिवस त्याने त्या दिवशी बाई लावायची, जेवण बघायचं, औषध बघायचं. परदेशातल्याने चौथ्या दिवसाचे पैसे पाठवायचे. तेवढ्याला तोही तयार झाला. चांदीप गावातली एक बाई मिळाली, हाताला चांगली, स्वभावाने शांत. अप्पाने कॅलेंडरवर जाड पेनाने सगळ्यांचे दिवस लिहिले आणि ते आत्याच्या पलंगासमोर टांगलं. मी चहाचे कप उचलताना ते नीट वाचलं. थोरले, मधले, तिसरे, धाकटे, आत्या. पुन्हा थोरले. मला त्यात वावगं असं काहीही दिसलं नाही. मी शिकलेली, बत्तीस वर्षं शाळेत पोरांना गणित शिकवलेली बाई. उगाच दुसऱ्यांना नावं ठेवायला नकोत म्हणून हे लिहून ठेवते.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे मी तिकडे गेले नाही. माझा फ्लॅट वाडीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, पण मला दिवस नव्हता. मग एक दिवस नाक्यावर चांगली चवळीची पालेभाजी दिसली. आत्याला आवडायची म्हणून घेतली आणि सहज गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. वाडी अगदी निःशब्द होती. नारळाच्या झावळ्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली पडलं होतं आणि बावखलावर हिरवी साय धरली होती. दाराची कडी बाहेरून लावलेली. काढून आत गेले तर आत्या पलंगाच्या कडेवर अर्धी लोंबकळत होती, एक पाय जमिनीकडे सोडलेला, साडी भिजलेली, ओठ कोरडे. उशाशी झाकलेली जेवणाची थाळी तशीच. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलीस? चल, हात दे गो. माजा पानी हाय आज."

तिला ओळीने दिवस पाठ होते. साल हरवलं होतं, माणसं हरवली होती, पण पाचवा दिवस बरोबर लक्षात होता. ती पंप सुरू करायला निघाली होती.

मी तिला आधी पाणी पाजलं. ती इतकं प्यायली की मला रडू आलं. तिला पुसलं, बदललं, निजवलं आणि बाईला फोन लावला. बाई बिचारी गोंधळली. "ताई, मना सांगितलाय ना, पाचव्या दिवशी सुट्टी. त्या दिवसाचा पगार कोन देत नाय."

मग अप्पाला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता. "अप्पा, आज कोणाची पाळी आहे?"

"आज?" त्याने बोटांवर मोजलं असावं. "आज आत्याची."

"आत्याची पाळी म्हणजे काय? तिने स्वतःचं स्वतः करायचं?"

"अगं बाय, तिचा हिस्सा आहे ना. सगळ्यांच्या बरोबरीचा आहे." मग म्हणाला, "आमच्या घरून तुझी वहिनी सकाळी थाळी ठेवून येते. पाळी नसताना ठेवते."

त्याच्या आवाजात कपट नव्हतं, तेच भयंकर होतं. चार हिश्शांनी आपापले दिवस चोख पाळले होते. पाचवा दिवस तिचा, तो तिच्या हिश्शातून भागायचा, असं प्रत्येकाने मनात धरलं होतं. आणि तिचा हिस्सा म्हणजे काय, तर मागच्या कुंपणाजवळचे सोनचाफे. मी तिथे गेले. झाडं कळ्यांनी आणि फुलांनी लगडलेली. खाली पिवळ्या-तपकिरी पाकळ्यांचा सडा, वासाने डोकं जड व्हावं इतका. चाफ्याची कळी पहाटे उमलायच्या आत तोडली तर बाजारात किंमत, उमलून गळाली की माती. आत्या पडल्यापासून एकाही माणसाने तिथली एकही कळी तोडली नव्हती. दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही. शंभर पावलांवर बाईच्या पगाराचे पैसे रोज सकाळी गळून पडत होते, आणि सगळे जण आत्याचा मान राखून दुरून जात होते.

मी तिथे बराच वेळ उभी होते. राग अप्पाचा येत होता, भावाचा येत होता, पण त्या सड्यावर उभं राहिल्यावर राग टिकेना. कॅलेंडर मीही वाचलं होतं.

पुढच्या पाचव्या दिवशी मी पहाटे सहाच्या आत वाडीत पोचले. आकडीने फांद्या खाली ओढून कळ्या काढल्या, ओल्या केळीच्या पानात पुड्या बांधल्या आणि नाक्यावर फुलांचा टेम्पो येतो त्याला दिल्या. बाईचा दिवस सहज निघाला. पुढच्या खेपेला चार पैसे वरही उरले, त्यातून आत्यासाठी हवेची गादी आणली. मला वाटलं, सगळे खूश होतील. वाटायला काय जातं?

तिसऱ्या खेपेला अप्पा पडवीत येऊन बसलेला होता. बरोबर माझा भाऊ, नजर खाली घालून.

"बाय, तू करतेस ते चांगलंच आहे," अप्पा म्हणाला. "पण आत्याला मूलबाळ नाही. तिच्या माघारी तिचा हिस्सा भावांच्या मुलांकडे येणार. मुलीही त्यात धरतात म्हणे. तू तुझ्या बापाच्या हिश्शावरचा हक्क सोडलायस, हिच्या नाही. उद्या तू म्हणालीस, मी फुलं तोडली, मी सेवा केली..."

"मी असं म्हणेन?"

"तू नाही म्हणणार. तुझी मुलं म्हणतील." त्याने खिशातून स्टॅम्प पेपर काढला. "दोन ओळी लिहून दे. सेवेच्या बदल्यात काही मागणार नाही म्हणून. याला कोर्टात किंमत नाही असं वकील म्हणतो. पण घरात किंमत आहे."

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "दे ना लिहून. तुला कुठे हवंय?"

खरं सांगते, तोपर्यंत मला नको होतं. त्या क्षणी हवं झालं. एक चाफ्याचं झाड, दोन गुंठे, काहीही. फक्त माझं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. वीस वर्षांपूर्वी पैठणी नेसून हसत सही करणाऱ्या त्या मुलीला गदागदा हलवावंसं वाटलं. आतून आत्याचा आवाज येत होता, ती बाईला आजोबांच्या बैलांबद्दल सांगत होती. मी नाही म्हटलं असतं तर फुलं बंद झाली असती, आणि पाचव्या दिवशी पुन्हा बाहेरून कडी. मी पेन मागितलं. दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि म्हटलं, "अप्पा, चहा तूच कर आता." त्याने मुकाट्याने केला. साखर जास्त पडली होती.

मग तो दिवस माझा झाला. कोणी ठरवलं नाही, कॅलेंडरवर लिहिलं नाही, पण झाला. सकाळी कळ्या, मग आत्याची आंघोळ, मग बाई आणि मी मिळून तिला चाकाच्या खुर्चीत बसवून चाफ्यांखाली न्यायचो. बाई कपडे धुवायला गेली की आम्ही दोघीच. त्या सकाळींना सुरुवात आणि शेवट नसायचा. आत्या मला कधी तिची आई समजायची, कधी लहानपणी गेलेली तिची बहीण. मी नाही म्हणत नसे. तिने "आई, पाट फुटला" म्हटलं की मी "बांध घालते" म्हणायचे, आणि ती समाधानाने डोळे मिटायची. पाठीमागे कुठेतरी इमारतीचं काम चालू असायचं, रस्त्यावर बस थांबायची, सुटायची. ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गावातलं वाटायचं. चाफ्याची पाकळी तिच्या मांडीवर पडायची, ती उचलून ती माझ्या केसांत खोचायची. मला साठी जवळ आली आहे, पण तिथे वय नव्हतं. बहीण होऊन बसायचं, आई होऊन बसायचं, मग संध्याकाळी रिक्षा करून घरी यायचं. मला वाटायचं, माझ्याइतकं आत्याचं कोणी करत नाही. हा गर्व मनात पक्का बसला होता.

गेल्या माघातली गोष्ट. आत्याचे केस विंचरत होते. तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं, खूप दिवसांनी पाहावं तसं. डोळे स्वच्छ होते.

"तू तिसऱ्याची पोरगी," ती म्हणाली.

माझा हात थांबला. "हो आत्या."

"तुला तर दिवस नाय."

"नाही."

"मंग कशाला आलीस?"

"अशीच आले," मी म्हटलं.

तिचे डोळे भरले. "अशी कोन येतं गो?" ती म्हणाली आणि माझी मनगटं दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चार भाऊ होते माजे. एकाच आवारात आयुष्य गेला. पाळी नसताना माज्या दारात कोन आला नाय. तू आलीस. अशीच आलीस." ती रडत होती आणि हसत होती आणि पुन्हापुन्हा तेच म्हणत होती. थोड्या वेळाने डोळ्यांतला तो स्वच्छपणा गेला आणि ती परत तिच्या गावाला निघून गेली.

मी फणी हातात धरून बसून राहिले. कारण तो पाचवा दिवस होता. मी अशीच आले नव्हते. दिवस होता म्हणून आले होते. वर्षभरात मधल्या चार दिवसांपैकी एकाही दिवशी मी त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. दहा मिनिटांवर राहते मी. वेळ नव्हता असंही नाही, निवृत्त बाईला वेळच वेळ असतो. ते सुचलंच नव्हतं. बाकीच्यांनी जे केलं तेच मीही केलं होतं, आणि आत्याने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मी तिला खोटं सांगून देऊन टाकलं होतं.

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला आनंद झाला ना? मग झालं." पुरुषांचं बरं असतं.

दुसऱ्या दिवशी अप्पाची पाळी होती. दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसला, चपला घातल्या. रिक्षात बसताना उगाच चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून ती गडबडीने उठली.

"ताई, आज तुमचा दिवस नाय."

"माहीत आहे," मी म्हटलं.

आत्या जागी होती. तिने मला ओळखलं नाही. मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले.